रंग वर दिसतो, इतिहास खाली राहतो : हरिहरेश्वरचा खारा वारा आणि एका जुन्या मोटारीचे अस्तर

१.
हरिहरेश्वरास गेलेला माणूस प्रथेप्रमाणे आधी काळभैरवाचे दर्शन घेतो, मग हरिहरेश्वराचे, आणि त्यानंतर डोंगराच्या घळीतून पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या प्रदक्षिणामार्गावर येतो. त्या वाटेवरील खडक आपण नीट न्याहाळला असेल, तर त्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसली असेल. ती कोणी छिन्नीने कोरलेली नाही. लाटांचे तुषार खडकाच्या रंध्रांत शिरतात, पाणी उडून जाते, मिठाचे स्फटिक मागे राहतात आणि वाढता वाढता दगडाचा कण न् कण सुटा करतात. जे मीठ काळ्या पाषाणाला सोडत नाही, ते मोटारीच्या जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला काय सोडणार?

२.
इतिहासाच्या धाग्यात मोटारीचे रंगकाम कशाला, असे काहींना वाटेल. त्याचे उत्तर धाग्याच्या शेवटी आहे. तूर्त माझे म्हणणे एवढेच : आपल्या हाताने गाडी रंगवू पाहणाऱ्याने आधी त्या गाडीचा इतिहासकार व्हावे, मग रंगारी. वरचा रंग कोणता हवा, हा दुसरा प्रश्न. खाली काय आहे, हा पहिला. हा क्रम उलटा केला की रंग टिकत नाही. मी तो उलटा केला होता, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार मला थोडासा आहे.

३.
माझ्या मामांची प्रीमियर पद्मिनी हरिहरेश्वरच्या घरी, पडवीलगतच्या शेडमध्ये उभी असे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन तालुक्यातील असंख्य घरांप्रमाणे आमच्या शेडचेही पत्रे उडाले आणि गाडीने तो सारा पावसाळा उघड्यावर काढला. दिवाळीत मी गेलो तेव्हा बॉनेटवरचा रंग खडूसारखा झाला होता आणि दारांच्या खालच्या कडांना गंज धरला होता. मी उत्साहाने स्प्रेचे डबे आणले. मामा म्हणाले, ‘‘अरे, आधी खालचं बघ. वर काय फासायचं ते नंतर.’’ मी ऐकले नाही.

४.
बॉनेट पॉलिश पेपरने घासले, पुसले आणि निळ्या रंगाचा पहिला हात मारला. पाव तासात त्या निळ्या रंगाला सुरकुत्या पडल्या. दुधावर साय धरावी आणि ती चमच्याने एका बाजूला सरकवावी, तसा सारा थर गोळा झाला. दारांवर असे काही झाले नाही. मी सुटकेचा नि:श्वास टाकला. पुढच्या पावसाळ्यात त्या दारांच्या कडांवर साबुदाण्याएवढे फोड आले, आणि एक फोड नखाने उकरला तर आत तपकिरी पाणी. चुका दोन होत्या आणि दोहोंची कारणे इतिहासात होती. आधी पहिली पाहू.

५.
विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार ही घोडागाडीची धाकटी बहीण होती आणि तिचा रंगही बग्गीचाच असे : जवसाच्या तेलातला रंग, त्यावर व्हार्निश, पुन्हा घासणे, पुन्हा व्हार्निश. एक गाडी रंगून वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे, हे आपण ऐकले असेल. तो काळा रंग डांबरी पदार्थापासून बनवलेला, भट्टीत भाजून वाळवण्याचा, स्वस्त आणि टिकाऊ असा होता. कारखाना मिनिटांच्या हिशेबाने चालू लागला होता. रंग मात्र आठवड्यांच्या हिशेबाने वाळत होता. ही कोंडी फोडली ती एका स्फोटक पदार्थाने.

६.
१८४६ मध्ये श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून ‘गनकॉटन’ तयार केला. हेच नायट्रोसेल्युलोज. बिनधुराची दारू त्यातूनच निघाली. पहिल्या महायुद्धात दारूगोळा पुरवणाऱ्या अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीकडे या पदार्थाचे प्रचंड ज्ञान साठले होते. युद्ध संपल्यावर त्याच ज्ञानातून १९२३ मध्ये ‘ड्यूको’ नावाचा लॅकर बाजारात आला आणि १९२४ सालच्या ओकलंड मोटारींवर निळ्या रंगात झळकला. तो फवाऱ्याने मारता येई आणि आठवड्यांऐवजी तासांत वाळे. तोफेची दारू आणि मोटारीची झिलई एकाच घराण्यातील आहेत, हे इतिहासप्रेमींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

७.
ती कंपनी कुठे, आपण कुठे! पण शब्द पाहा. आजही पुण्या-मुंबईतला सुतार गुळगुळीत फवारलेल्या कपाटाला ‘ड्यूको फिनिश’ म्हणतो. व्यापारी नाव सामान्यनाम झाले आणि शंभर वर्षे टिकले. रंगाच्या दुकानात ‘एन.सी.’ म्हणून जे मागतात, ते हेच नायट्रोसेल्युलोज. याचा स्वभाव ओळखून ठेवा : हा रंग केवळ द्रावक उडून गेल्याने वाळतो. त्याच्यात रासायनिक बदल काहीच होत नाही. म्हणून वीस वर्षांनी त्यावर एन.सी. थिनरचा बोळा फिरवला, तरी तो पुन्हा विरघळतो.

८.
दुसरे घराणे सिंथेटिक एनॅमलचे. १९२० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमधील रॉय किएनल यांनी ‘अल्किड’ हा शब्द रूढ केला : अल्कोहोल आणि आम्ल यांच्या संयोगातून झालेले राळेसारखे द्रव्य, त्यात वनस्पतिज तेल. आपल्या खिडकीच्या ग्रिलला मारतो तो ‘ऑइल पेंट’ बहुधा याच कुळातला. याचा स्वभाव अगदी निराळा. टर्पेंटाइन उडून जाते हा झाला आरंभ. पुढे हवेतील प्राणवायू शोषून तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. वरची साय आधी धरते; आतला भाग सावकाश, काही आठवडे पिकत राहतो.

९.
आता माझ्या बॉनेटवर काय घडले ते उलगडते. पूर्वी कोणीतरी गाडीवर सिंथेटिक एनॅमलचा हात मारला होता. माझ्या डब्यातला रंग लॅकर जातीचा, म्हणजे तीव्र थिनरचा. तो थिनर खालच्या एनॅमलमध्ये शिरला, त्याला फुगवले, पण विरघळवू शकला नाही. फुगलेल्या थराला पसरायला जागा नाही, म्हणून तो पत्र्यापासून सुटून वर उचलला गेला. त्याच्याच सुरकुत्या. यातून जुन्या रंगाऱ्यांचा नियम निघतो : सौम्य द्रावकाचा रंग कडक थरावर चालतो, तीव्र द्रावकाचा रंग कच्च्या तेलकट थरावर चालत नाही. थोडक्यात, लॅकरवर एनॅमल निभावते, एनॅमलवर लॅकर नाही.

१०.
ही कहाणी केवळ परदेशाची नाही. १९२० मध्ये मुंबईच्या लोअर परळला गहागन पेंट्स नावाचा कारखाना निघाला. पुढे नावे बदलत तोच नेरोलॅक झाला. दुसऱ्या महायुद्धात परदेशी मालाची आवक आटली आणि १९४२ मध्ये चार मित्रांनी मुंबईतच एशियन पेंट्सची सुरुवात केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी त्यांच्यासाठी डबा-ब्रश घेतलेला ‘गट्टू’ रेखाटला. हा देश रंग विकत घेण्यापासून रंग बनवण्याकडे वळला, तो असा टंचाईच्या काळात. आज घरी डबा उघडणारा तरुण नकळत त्याच परंपरेचे टोक हाती धरतो.

११.
आणि गाडीचे काय? वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि १९७० च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यावर धावत राहिली, ती थेट ऑक्टोबर २०२३ अखेरपर्यंत. म्हणजे घरोघरी उरलेल्या पद्मिनी आता वाहनांपेक्षा दस्तऐवज अधिक आहेत. त्यांच्या आर.सी. बुकात मूळ रंगाची नोंद असते. रंग बदलायचा असेल तर आर.टी.ओ.कडे ती नोंद बदलून घ्यावी लागते. मला विचाराल तर बदलूच नये. आजोबांच्या पत्रावर आपण नव्या शाईने गिरवत नाही.

१२.
मग खाली कोणते घराणे आहे, हे ओळखायचे कसे? इतिहासकार कागदाचा पोत, शाई, शिक्का पाहतो, येथेही तसेच. डिकीच्या आत किंवा दाराच्या बिजागरीजवळ, न दिसणारी जागा निवडा. पांढऱ्या सुती कापडावर एन.सी. थिनर घेऊन अर्धा मिनिट दाबून धरा आणि चोळा. रंग सरळ कापडावर उतरला तर लॅकर. थर मऊ पडला, फुगला, सुरकुतला तर सिंथेटिक एनॅमल. काहीच झाले नाही तर भट्टीत भाजलेला मूळ रंग किंवा दोन घटकांचा रंग. ही चाचणी पाच मिनिटांची आहे. ती टाळल्याने मला आठ दिवस घासकाम करावे लागले.

१३.
‘दोन घटकांचा’ म्हणजे तिसरे घराणे, पी.यू. अर्थात पॉलियुरेथेन. १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी या रसायनाचा पाया घातला. येथे रंग आणि हार्डनर ऐनवेळी ठरल्या प्रमाणात मिसळतात, आणि ते दोघे मिळून एक नवेच जाळे विणतात. पेट्रोल सांडले तरी त्याचे काही बिघडत नाही. मात्र माझे स्पष्ट मत आहे की घरच्या शेडमध्ये हा रंग फवारू नये. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो, आणि रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क तो अडवत नाही. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल तर हे काम बूथ असलेल्या कारागिराकडे द्यावे. त्यात कमीपणा नाही.

१४.
आता दुसरी चूक, अस्तराची. लोखंडाला अस्तर म्हणून जगाने दीर्घकाळ वापरलेला पदार्थ आपल्या देवघरातला आहे : शेंदूर. परंपरेने शेंदूर म्हणजे शिशाचे लाल ऑक्साइड. (हिंगूळ वेगळा, तो पाऱ्याचा.) तेलात खललेला शेंदूर लोखंडावर बसला की शिशाचा साबणासारखा क्षार तयार होतो आणि तो गंजाला रोखतो. १९३७ मध्ये खुल्या झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे पोलाद याच लाल अस्तरात आले होते. वास्तुविशारद अर्विंग मॉरो यांना ते इतके शोभून दिसले की पुलाला कायमचा नारिंगी रंग मिळाला. मारुतीच्या अंगावरचे द्रव्य आणि त्या पुलाचे अस्तर एकच होते.

१५.
शिसे विषारी, म्हणून शेंदराचे अस्तर मागे पडले. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा आहे. शेंदराची जागा स्वस्त बाजारात ‘रेड ऑक्साइड’ने घेतली. येथेच मोठा गैरसमज आहे. रंग तोच दिसतो, गुण तो नाही. रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचे ऑक्साइड, अर्थात गंजाचाच चुलतभाऊ. तो स्वत: गंज रोखत नाही, रोखते ते त्यासोबतचे राळद्रव्य किंवा त्यात मिसळलेले जस्ताचे क्षार. शिवाय हे अस्तर सच्छिद्र असते. ‘प्रायमर मारला आहे, रंग पुढच्या महिन्यात’ असे म्हणून गाडी दवात उभी करणे म्हणजे ओल्या फडक्यात लोखंड गुंडाळून ठेवणे.

१६.
दिल्लीच्या मेहरौलीतील लोहस्तंभ सोळाशे वर्षे उभा आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले की त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक पातळ, घट्ट थर जमला आहे. आजच्या कारखान्यात मोटारीचा सांगाडा आधी फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात तो याच कुळातील उपाय. त्यानंतर विजेच्या साहाय्याने अस्तर चढवतात. फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर यांच्या प्रयत्नांतून १९६० च्या दशकात रुळलेल्या या पद्धतीत अस्तर सांगाड्याच्या कानाकोपऱ्यांत पोहोचते. तात्पर्य : कारखान्याचे मूळ अस्तर शाबूत असेल तेथे ते खरवडू नका. तुमच्या डब्यातले कोणतेही अस्तर त्याच्या तोडीचे नाही.

१७.
माझ्या दारांवरचे फोड मात्र या सगळ्याच्या आधीच ठरले होते. मी गंज घासला, पण मीठ धुतले नाही. मिठाचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते हवेतील ओल ओढून घेतात. रंगाचा थर वाटतो तितका अभेद्य नसतो. खाली मीठ असेल तर पाणी त्यातून आत झिरपत राहते आणि फोड धरतो. म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीला पहिला उपाय रंगाचा नाही, विहिरीच्या गोड्या पाण्याचा. घासण्यापूर्वी धुवा, घासल्यावर पुन्हा धुवा, उन्हात कोरडी करा, मग थिनरने तेलकटपणा पुसा. रंगारी घाटावरचा असो की कोकणातला, समुद्राजवळ हा नियम चुकवून चालत नाही.

१८.
इतके पाहिल्यावर माझी शिफारस, घरी हाताने काम करणाऱ्यासाठी. सैल रंग आणि गंज ८० नंबरच्या पेपरने काढून उघडा पत्रा चकचकीत करावा. धुऊन कोरड्या केलेल्या त्या पत्र्यावर दोन घटकांचे इपॉक्सी अस्तर ब्रशने मारावे, तेही हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेत. खड्डे असतील तर त्यावर पॉलिएस्टर पुट्टी. ती पाणी पिते, म्हणून कोरडीच घासावी. पुट्टीवर पुन्हा अस्तर. ३२० आणि मग ४०० ते ६०० नंबरच्या पेपरने घासून गुळगुळीत केल्यावर वरचा रंग. आणि मुख्य म्हणजे अस्तर, पुट्टी, थिनर, रंग शक्यतो एकाच उत्पादकाच्या एकाच मालिकेतले घ्यावेत. त्यांचा माहितीपत्रक नावाचा कागद असतो. तो आपला प्राथमिक साधनग्रंथ.

१९.
न जुळणाऱ्या जोड्या पाठ करून ठेवाव्यात.
— सिंथेटिक एनॅमलवर एन.सी. लॅकर : सुरकुत्या.
— आम्लयुक्त ‘एच प्रायमर’वर थेट इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर पुट्टी : आम्लामुळे हार्डनरचे काम बिघडते, पकड सुटते.
— जस्ताच्या (गॅल्व्हनाइज्ड) पत्र्यावर थेट ऑइल पेंट : तेल आणि जस्त यांचा साबण होतो, रंग पापुद्र्यासारखा निघतो.
— जाड एन.सी. पुट्टी : आत कच्ची राहते, पुढे बसते व तडकते.
— एका रंगाला दुसऱ्याचा थिनर : कधी दही, कधी दोरे.
शंका असेल तेथे हातभर जागेवर आधी नमुना मारा आणि आठ दिवस वाट पाहा.

२०.
वेळेचाही विचार हवा. दमट हवेत लॅकर मारला तर तो पांढरट पडतो. थिनर भरकन उडताना पत्रा थंड होतो आणि त्यावर दव धरते. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी अधिक असावे, असा व्यावसायिकांचा दंडक आहे. हरिहरेश्वरास याचा अर्थ : पावसाळ्यात नाहीच; दिवाळीनंतर ते माघापर्यंतचे दिवस उत्तम; सकाळी दव उडाल्यावर आरंभ करावा आणि दुपारचा समुद्रवारा वाढण्यापूर्वी आवरावे. त्या वाऱ्याबरोबर वाळू येते आणि मीठही. जुना रंग घासताना पाणी लावूनच घासावा, मास्क वापरावा, मुलांना लांब ठेवावे. जुन्या थरांत शिसे असू शकते.

२१.
हे सगळे नवे आहे असे समजू नये. हरिहरेश्वराच्या दक्षिणेस सावित्रीची खाडी आहे. बागमांडल्याहून फेरीबोटीने पलीकडे वेसवीला उतरले की बाणकोट. पेशव्यांचे मूळ गाव श्रीवर्धन आणि त्यांचे कुलदैवत हरिहरेश्वर, दोन्ही याच किनाऱ्यावर. येथली गलबते सागवानी लाकडाची. त्यांच्या तळाला चुना आणि तेल यांचा लेप देत, वरच्या फळ्यांना माशाचे तेल आणि राळ. तळ सदा पाण्यात, वरचा भाग उन्हात. म्हणून दोघांना दोन अस्तरे. आणि हा लेप एकदाच देऊन कोणी निश्चिंत होत नसे. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या, खरवडायच्या, पुन्हा माखायच्या. खाऱ्या पाण्याशी करार वर्षाचाच असतो, हे दर्यावर्दी जाणत होता. ‘आयुष्यभराची हमी’ हा शब्द शहराचा.

२२.
आता एक आक्षेप. ‘ज्याचे काम त्याने करावे, मोबाइलवर व्हिडिओ पाहून रंगारी होता येत नाही.’ या म्हणण्यात तथ्य आहे आणि कारागिराच्या हाताविषयी माझ्या मनात आदर आहे. पण मी या हौसेच्या बाजूचा आहे. ज्याने एकदा पत्र्याचा गंज स्वत: घासला, त्याला वस्तू कशी झिजते हे कळते. पुस्तकातून इतिहास वाचणाऱ्या आपल्या पिढीला हे ज्ञान फार थोडे आहे. अट एकच : चूक स्वत:च्या वस्तूवर करावी. बॉनेट बिघडले तर पुन्हा घासता येते.

२३.
आणि येथे तो शेवटचा मुद्दा. आपल्यापैकी अनेकजण किल्ल्यांवर श्रमदानास जातात. चिखलात रुतलेली तोफ बाहेर काढतात, ही गोष्ट अभिमानाचीच. पण पुढच्या रविवारी तिला चकचकीत काळा ऑइल पेंट मारलेला दिसतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. त्या तोफेच्या रंध्रांत शतकांचे मीठ आहे. ते न काढता वर रंग मारणे म्हणजे माझ्या दारांचीच गोष्ट. फरक एवढाच की दार बदलता येते, तोफ नाही. संवर्धक आधी क्षार काढतात, मग टॅनिक आम्ल आणि मेणासारखे, पुढे काढून टाकता येतील असे लेप देतात. शिवाय संरक्षित स्मारकावर १९५८ च्या केंद्रीय आणि १९६० च्या राज्य कायद्यानुसार परवानगीशिवाय हात घालता येत नाही.

२४.
टॅनिक आम्ल म्हणजे काही परकी जादू नव्हे. आपल्या हिरड्यात टॅनिन भरपूर असते. हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करण्याची रीत जुनी आहे. लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने जो काळा क्षार कागदावर अक्षर धरतो, तोच तोफेवर गंज आवरतो. दगडी देवळांचेही असेच. चुन्याच्या गिलाव्यावर ऑइल पेंट मारला की चुना आणि तेल यांचा साबण होतो, भिंतीतली ओल कोंडते आणि पोपडे निघतात ते गिलाव्यासकट. जस्ताच्या पत्र्यावर जे होते, तेच मंदिराच्या भिंतीवर. रसायनाला पत्रा आणि पाषाण यांत भेद करता येत नाही. भक्तीही ते मोजत नाही.

२५.
थर मात्र नेहमीच शत्रू नसतात. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील वर्षानुवर्षे साचलेले शेंदराचे थर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काढण्यात आले आणि मूळ शिल्प भाविकांसमोर आले. ते काम घाईने, कोणाच्या हौसेखातर झाले नाही. म्हणून मूर्ती सुरक्षित राहिली. थर काढण्यापूर्वी तो का चढला, कशाचा आहे आणि त्याखाली काय आहे, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. मोडी कागद वाचणारा हेच विचारतो. मोटार रंगवणाऱ्यानेही हेच विचारावे.

२६.
मामांच्या गाडीचे पुढे काय झाले? बॉनेट मी पत्र्यापर्यंत घासले. घासताना थर उलगडत गेले : माझा निळा, त्याखाली पांढरा एनॅमल, त्याखाली तांबूस अस्तर, आणि सर्वांत खाली, वायपरच्या कडेला, नखाएवढा उरलेला मूळ फिकट राखाडी. मामांनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाले, ‘‘हाच. ह्याच रंगात तुझ्या आईला सासरी सोडायला गेलो होतो.’’ तो नखाएवढा तुकडा मी घासला नाही. बाकीची गाडी त्याच्याशी जुळवून रंगवली. गेले तीन पावसाळे ती टिकून आहे. दर दिवाळीला गोड्या पाण्याने धुतो आणि कडा तपासतो.

२७.
म्हणून विनंती : यंदा कोणी गाडी, सायकल, जुने लोखंडी कपाट रंगवणार असाल, तर आधी एक कोपरा घासून खालचे थर मोजा, त्याचे छायाचित्र काढा, मग दुकानात जा. आणि किल्ल्यावर रंगाचा डबा घेऊन निघालेला मित्र दिसला, तर त्याला हा धागा दाखवा आणि आधी पुरातत्त्व खात्याकडे पाठवा. आपल्या घरच्या गाडीखाली किती थर निघाले, ते खाली अवश्य लिहा. धागा समाप्त.